कॉलेजात असताना पहिलं क्रेडिट कार्ड: एफडीवरचं की आई-बाबांच्या कार्डावरचं?

वय १८ पूर्ण आहे, पण पगार नाही. अशा विद्यार्थ्याला साधं क्रेडिट कार्ड मिळणं अवघडच. मॉलमधल्या स्टॉलवर ‘लाइफटाइम फ्री’ म्हणून फॉर्म भरून घेतात. पुढे उत्पन्न नाही म्हणून अर्ज नाकारला जातो आणि चौकशीची नोंद मात्र सिबिलच्या, म्हणजे प्रत्येकाच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या, रिपोर्टमध्ये राहते. सीएची आर्टिकलशिप करताना स्टायपेंड दरमहा खात्यात जमा होत असेल, तर त्याच बँकेत विचारून पाहावं. बाकीच्यांसाठी खरे पर्याय दोनच: बँकेतल्या मुदत ठेवीवर (एफडी) मिळणारं कार्ड, नाहीतर आई-बाबांच्या कार्डाला जोडलेलं अ‍ॅड-ऑन कार्ड.

एफडीवरच्या कार्डाला पगाराची स्लिप लागत नाही. किमान ठेव बँकेप्रमाणे बदलते, २० हजारांची तयारी ठेवा. ठेवीच्या साधारण ७५ ते १०० टक्के खर्चाची मर्यादा मिळते आणि ठेवीवरचं व्याज चालूच राहतं. मात्र कार्ड सुरू असेपर्यंत ती एफडी मोडता येत नाही, त्यामुळे पुढच्या सेमिस्टरची फी त्यात अडकवू नका.

कागदपत्रं पॅन आणि आधार एवढीच, तरी अर्ज अडतो तो नावावर. आधारवर वडिलांच्या नावासकट तीन नावं आणि पॅनवर दोनच असतील, तर केवायसीत खोळंबा होतो. ते आधी दुरुस्त करून घ्या. सातारा-सांगलीहून येऊन मुंबईत हॉस्टेलवर राहणाऱ्यांनी कार्ड कुठल्या पत्त्यावर येणार हेही विचारावं, नाहीतर कुरियर गावी जातं.

अ‍ॅड-ऑन कार्डाला ठेव नको, आई किंवा बाबांनी आपल्या बँकेत अर्ज केला की झालं. पण बिल त्यांच्या नावाचं, मर्यादाही त्यांच्याच कार्डातली. तुम्ही उडवलेले पैसे वेळेवर भरले गेले नाहीत, तर क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा, त्यांचा घसरतो. वेळेवर भरले तरी तुमची स्वतःची नोंद सहसा तयार होत नाही. पुढे शैक्षणिक किंवा गाडीचं कर्ज घ्यायचं असेल, तर एफडीचं कार्डच घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. फक्त अडीअडचणीला हाताशी हवं असेल, तर अ‍ॅड-ऑन पुरेसं आहे.

एफडी आहे म्हणून बिल उशिरा भरलं तरी चालतं, हा समज मोडायलाच हवा. बँक ठेवीतून पैसे वळते करते, पण तोवर उशिराची नोंद झालेली असते. ‘मिनिमम ड्यू’चा, म्हणजे बिलातली किमान रक्कमच भरण्याचा, हिशेबही पाहा. १०,००० च्या बिलात ५ टक्के, म्हणजे ५०० भरले. उरलेल्या ९,५०० वर महिना ३.५ टक्के दराने ३३२ रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ३९० च्या पुढे. म्हणजे भरलेल्या ५०० पैकी कर्ज फिटलं जेमतेम ११० रुपयांचं. शिवाय नव्या खरेदीवर बिनव्याजी मुदत मिळत नाही. एटीएममधून रोख काढली, तर व्याज पहिल्या दिवसापासून.

म्हणून खात्यातून पूर्ण बिलाचं ऑटो-पे लावा आणि खर्च मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवा. १८ हजारांच्या मर्यादेवर हे ५,४०० होतात. लोकलचा पास आणि मोबाइलचं बिल एवढ्यासाठी वापरलं तरी नोंद उत्तम तयार होते.

कार्ड बंद करताना बाकी शून्य करून लेखी विनंती द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेने ७ कामकाजाच्या दिवसांत ते बंद करायचं असतं. उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला मिळतात. एफडीवरचा बोजा उठला का, हे त्याच वेळी तपासा.