म्हाताऱ्या कुत्र्याची नखं: कटर की ग्राइंडर?

वय झालं की कुत्र्याचं फिरणं कमी होतं, नखं रस्त्यावर घासली जात नाहीत आणि वाढतच राहतात. लांब नखांमुळे पंजा नीट टेकत नाही. संधिवात असलेल्या कुत्र्याला त्याचा फार त्रास होतो, गुळगुळीत फरशीवर तर पाय सरकतातच.

कटर स्वस्त, आणि एक नख कापायला क्षणभर पुरतो. पंजा फार वेळ धरला की कळवळणाऱ्या कुत्र्यासाठी हे मोलाचं आहे. पण म्हातारपणी नखं जाड, ठिसूळ होतात. बोथट पात्यानं चिरतात. नख काळं असेल तर आतली रक्तवाहिनी दिसत नाही. ती कापली गेली तर रक्त येतं आणि दुखतं. कॉर्नफ्लोअर दाबून धरलं की सहसा थांबतं, पण पुढच्या वेळी तो पंजा देईलच असं नाही.

ग्राइंडर, म्हणजे फिरत्या टोकाचं छोटं यंत्र, नख थोडं थोडं घासतो, म्हणून काळ्या नखांना मला तोच बरा वाटतो. एका जागी दोन-तीन सेकंदांहून जास्त टेकवू नका, नख तापतं. पंजाचे लांब केस आधी कापा, नाहीतर गुंततात. आवाज बहिऱ्या कुत्र्याला जाणवत नाही, थरथर मात्र जाणवते. कुशीवर झोपवूनच करा, आणि एका दिवशी एकच पंजा झाला तरी चालेल.