क्लासिक कादंबरी अभ्यासायची तर प्रकरणवार नोट्स काढाव्यात की टप्पे पाडावेत?

जाडजूड क्लासिक कादंबरी नुसती वाचायची नसून नीट अभ्यासायची असेल तर साधारण दोन रस्ते असतात. एक म्हणजे प्रकरण वाचलं की नोट, पुढचं प्रकरण, पुढची नोट, असं शेवटपर्यंत. दुसरा म्हणजे अख्ख्या कथेचे चार-पाच टप्पे पाडायचे आणि प्रकरणं त्या टप्प्यांत बसवायची. मी दोन्ही करून बघितलंय, त्यामुळे जे लिहितोय ते माझ्या अनुभवापुरतं आहे, कुणाला उलट अनुभव आला असेल तर तोही खरा असणार.

आधी प्रकरणवार नोट्सची बाजू, कारण लोक उगाच तिला शाळकरी म्हणतात. पहिलं वाचन चालू असताना दुसरं काही शक्यच नसतं, पुढे काय होणार ते माहीत नसताना टप्पे कुठून पाडणार? शिवाय संदर्भ शोधायला यासारखी सोय नाही. परीक्षेत किंवा निबंधात एखादं वाक्य उद्धृत करायचं असेल तर ते कुठल्या प्रकरणात आहे हे लगेच सापडतं. आणि कादंबरी लहान असेल, पंधरा-वीस प्रकरणांची, तर मी अजूनही हेच करतो.

माझं बिनसलं ते 'मोबी डिक'पाशी, हर्मन मेलव्हिलची देवमाशाच्या शिकारीवरची कादंबरी. १३५ प्रकरणं आणि वर एक उपसंहार. प्रकरणवार वहीत प्रत्येक प्रकरणाला एक चौकट, त्यात काय घडलं, कोण आलं, महत्त्वाचं वाक्य. आता बघा, ३२ वं प्रकरण म्हणजे देवमाशांचं लांबलचक वर्गीकरण, त्याला एक चौकट. ५४ वं म्हणजे दुसऱ्याच जहाजाची भलीमोठी गोष्ट, तिलाही एक चौकट. १२२ वं प्रकरण म्हणजे वादळात डोलकाठीवर चढलेल्या एका खलाशाच्या जेमतेम काही ओळी, त्यालाही तेवढीच चौकट! आणि ३६ व्या प्रकरणात कॅप्टन अहॅब सोन्याचं नाणं डोलकाठीला ठोकतो आणि ही सफर तेलासाठी नाही, एका पांढऱ्या देवमाशाच्या सुडासाठी आहे हे सगळ्यांसमोर उघड करतो, जिथे अख्खी कादंबरी वळते, त्यालाही तेवढीच. वही उघडली की सगळं एका उंचीचं दिसायचं, आणि मधल्या कितीतरी चौकटींत मी "कथा पुढे सरकत नाही, देवमाशाची माहिती" एवढंच लिहून ठेवलेलं. हीच एक गोष्ट मला इतकी खुपायला लागली की बाकीचे सगळे फायदे मी बाजूला ठेवले. चौकट मोठी-छोटी करून बघायला हरकत नाही म्हणा, पण कुठली मोठी करायची हे ठरवायला लागलात की तुम्ही मनातल्या मनात टप्पेच पाडायला लागलेले असता.

टप्पे पाडल्यावर तीच कादंबरी कशी दिसते ते सांगतो (ही माझी विभागणी, तुमची वेगळी येईल). १ ते २२ जमिनीवर, कथा सांगणारा इश्माएल आणि भालाफेक्या क्वीक्वेगची मैत्री, ख्रिसमसच्या दिवशी त्यांचं जहाज पीक्वॉड निघतं. २३ ते ३६ समुद्रावर पण अजून हेतू झाकलेला, अहॅब तर थेट २८ व्या प्रकरणात डेकवर दिसतो. मग ३७ पासून साधारण १०५ पर्यंत तो अवाढव्य मधला भाग, शिकार, तेल काढणं, हाडं, शेपटी, रंग, सगळं. १०६ ते १३२ अहॅब एकेक दोर तोडत जातो, रक्तात बुडवून हार्पून म्हणजे शिकारीचा भाला घडवून घेतो, समुद्रावर आपण कुठे आहोत हे काढायचं क्वाड्रंट पायाखाली तुडवतो. आणि १३३ ते १३५ तीन दिवसांचा पाठलाग. एवढं मांडल्यावर जाणवतं की ज्याच्यासाठी सगळा खटाटोप तो देवमासा प्रत्यक्ष भेटतो फक्त शेवटच्या तीन प्रकरणांत. चौकटींच्या वहीत हे मला दिसलंच नव्हतं, कारण तिथे प्रमाण दिसतच नाही.

मधला टप्पा सत्तरेक प्रकरणांचा होतो, मग त्यात आणि चौकटीत फरक काय, असं कुणी म्हणेल आणि ते बरोबरच आहे. त्यावर मला लागलेला उपाय म्हणजे वाटेत भेटणारी जहाजं. पीक्वॉडला एकूण नऊ जहाजं भेटतात आणि अहॅबची चौकशी फिरून फिरून एकाच गोष्टीपाशी येते, पांढरा देवमासा दिसला का. १०० व्या प्रकरणात त्याच देवमाशामुळे हात गमावलेला इंग्लिश कॅप्टन भेटतो जो हसून म्हणतो की पुन्हा त्याच्या नादी लागणार नाही, आणि १२८ मध्ये हरवलेल्या मुलाला शोधायला मदत मागणारा कॅप्टन भेटतो, त्याला अहॅब नकार देतो. या भेटींच्या खुंट्या ठोकल्या की मधला भाग नुसती माहिती राहत नाही, अहॅब किती पुढे गेलाय हे मोजायला ठिकाणं मिळतात आणि ती देवमाशांची प्रकरणंसुद्धा दोन भेटींमधला लांब प्रवास म्हणून वाचता येतात.

लेखकानेच टप्पे पाडून दिले असतील तर काम सोपं, पण तिथेही थांबून बघावं. थॉमस हार्डीने 'टेस ऑफ द डर्बरव्हिल्स'ची ५९ प्रकरणं सात फेजेसमध्ये म्हणजे टप्प्यांत वाटलीत, पहिलीत ११ आणि दुसरीत फक्त ४. म्हणजे समान वाटप त्यालाही नको होतं. आणि जी घटना टेसचं आयुष्य उलथून टाकते ती तो सांगतच नाही. ११ वं प्रकरण रात्रीच्या जंगलात संपतं, १२ वं काही आठवड्यांनी सुरू होतं, मधलं सगळं दोन फेजेसच्या सांध्यात गायब. प्रकरणवार वाचणाऱ्याला इथे फक्त ११ नंतर १२ दिसतं, सांधा काही दिसत नाही.

उलट डिकन्सचं 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' घ्या, योगायोगाने तीही ५९ प्रकरणांची. १८६०-६१ मध्ये ती दर आठवड्याला त्याच्या स्वतःच्या साप्ताहिकात येत होती, त्यामुळे बऱ्याच प्रकरणांच्या शेवटी एक धक्का असतो, वाचक पुढच्या आठवड्यात परत यायला हवा ना. प्रकरणवार नोट्स काढल्या की प्रत्येक धक्का वळणासारखा वाटतो. खरी मोठी वळणं डिकन्सने स्वतःच दाखवलीत, १९ व्या प्रकरणाअखेर नायक पिप लंडनला निघतो तिथे पहिला टप्पा संपला म्हणून सांगतो, आणि ३९ व्यात पिपचा खरा उपकारकर्ता कोण हे उघड होतं तिथे दुसरा. बाकीचे धक्के लहान, पण हे शेवटपर्यंत वाचल्यावरच कळतं.

आता टप्प्यांची अडचण, कारण ती आहेच. एमिली ब्राँटेची 'वुदरिंग हाइट्स' घेतली की मी अजूनही अडकतो. ३४ प्रकरणं, सुरुवात १८०१ पासून, पण पहिली तीन प्रकरणं काळाच्या हिशोबाने जवळजवळ शेवटाला आहेत, चौथ्यापासून घरची जुनी नोकर नेली मागचं सांगायला लागते. टप्पे घडण्याच्या क्रमाने पाडायचे की सांगण्याच्या? मी सांगण्याच्या क्रमाने पाडतो, कारण वाचक तसाच आत शिरतो, पण मग वंशावळ आणि सालांची यादी वेगळी ठेवावी लागते. नायिका कॅथरीन १६ व्या प्रकरणात मरते, साधारण मध्यावर, आणि तिथे टप्पा तोडला तर तिच्यावर जीव असलेल्या हीथक्लिफचं दुःख दोन तुकड्यांत कापलं जातं. न तोडावा तर पुढची पिढी कुठून सुरू करायची? काहीजण म्हणतील इथे प्रकरणवारच बरं, आणि मी फार जोर लावून नाही म्हणणार नाही.

दुसरी अडचण म्हणजे एका टप्प्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या गोष्टी. 'मोबी डिक'मधली क्वीक्वेगची शवपेटी ११० व्या प्रकरणात तयार होते, पुढे तिचाच बुडणाऱ्यासाठी तरंगता आधार बनवतात आणि उपसंहारात ती इश्माएलला वाचवते. टप्प्यांच्या कागदावर हे हरवू शकतं. म्हणून मी खाली एक आडवी रेघ मारून अशा वस्तूंचा प्रवास लिहितो, फार नाही, तीन-चार वस्तू पुरतात.

मग तुम्ही काय करावं? परीक्षा तोंडावर असेल आणि प्रकरण क्रमांकानिशी प्रश्न येत असतील तर प्रकरणवार वही सुरू ठेवा, तिला तोड नाही. पण पुस्तक एकदा वाचून झालंय, आता त्यावर बोलायचं किंवा लिहायचंय असं असेल तर टप्पे पाडा. पहिल्या वाचनात प्रकरणाला एकच ओळ लिहायची, जास्त नाही, आणि सीमा पेन्सिलीने आखायच्या, कारण दुसऱ्या वाचनात त्या सरकतात. माझी मोबी डिकची ३६ वरची रेघ कायम आहे, १०५ वाली मात्र अजून इकडे-तिकडे होते.