आयकाओचा कार्बन कॅल्क्युलेटर: टाकीतल्या इंधनाचा हिशेब चोख, पुढचं तुम्ही बघा

विमानप्रवासाचं उत्सर्जन सांगणारे कॅल्क्युलेटर पैशाला पासरी झालेत. एकाच प्रवासाला एक जण ५०० किलो म्हणतो, दुसरा हजार. या गर्दीत आयकाओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा कॅल्क्युलेटर उजवा ठरतो, कारण आकडा कसा काढला ते तो लपवत नाही. फुकट आहे, आणि त्याची पद्धतही छापील स्वरूपात सगळ्यांसाठी खुली आहे.

वापरायला सोपा. सुटण्याचा आणि उतरण्याचा विमानतळ, वर्ग, एकेरी की परतीचा प्रवास आणि प्रवासी किती, एवढं भरायचं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे मधे विमान बदलायचं असताना फक्त पहिला आणि शेवटचा विमानतळ टाकणं. टप्पे वेगवेगळे भरा. वळसा घालून जाणारं अंतर तर वाढतंच, शिवाय दुसऱ्यांदा उड्डाण करून उंची गाठायला लागणारं इंधनही वाढतं.

आता आतली गणिती बाजू. पुढचे तपशील पद्धतीच्या २०१८ मधल्या ११व्या आवृत्तीतले आहेत. दोन विमानतळांमधलं सरळ अंतर घेऊन त्यात वळणं आणि घिरट्यांची भर घातली जाते: ५५० किमीच्या आत ५० किमी, ५,५०० किमीपर्यंत १००, त्यापुढे १२५. त्या मार्गावर वेळापत्रकानुसार जी विमानं उडतात, त्यांच्या इंधनाची सरासरी काढली जाते. मग प्रवासी आणि माल यांची वाटणी होते. दर प्रवासी सामानासह १०० किलो, शिवाय खुर्ची आणि इतर सोयींसाठी दर आसनामागे ५० किलो.

समजा, ५० टन इंधन, ३०० इकॉनॉमी आसनं, ८० टक्के भरलेलं विमान, पोटात ७ टन माल. प्रवाशांचं वजन २४ टन, आसनांचं १५, एकूण ३९. म्हणजे ४६ पैकी ३९, साधारण ८५ टक्के इंधन प्रवाशांच्या खाती. १ किलो जेट इंधन जळलं की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. ५०,००० × ०.८५ × ३.१६ ला २४० प्रवाशांनी भागलं की माणशी सुमारे ५६० किलो. तेच विमान ७० टक्के भरलेलं धरा आणि मालाची टक्केवारी तीच ठेवा. आकडा थेट ६४० वर जातो. कॅल्क्युलेटर-कॅल्क्युलेटरमधली निम्मी भांडणं विमान किती भरलेलं धरायचं या एका टक्केवारीवरून असतात.

त्या आवृत्तीत वर्गाचा भाग मात्र ढोबळ होता. ३,००० किमीपर्यंत वर्गाचा फरकच धरलेला नव्हता. त्यापुढे वरच्या वर्गाला इकॉनॉमीच्या दुप्पट. बिझनेस आणि फर्स्ट एकाच मापाने मोजल्यामुळे झोपायची सोय असलेल्या फर्स्टच्या प्रवाशाला चांगलीच सूट मिळायची. आणि सगळं मार्गाच्या सरासरीवर चालत असल्यामुळे, एकाच मार्गावरच्या नव्या विमानाचं आणि जुन्याचं तिकीट यांतून निवड करायला हा बिनकामाचा.

खरी उणीव पुढेच आहे. हा फक्त जळलेल्या इंधनाचा कार्बन डायऑक्साइड मोजतो. विमानामागे उमटणाऱ्या ढगासारख्या पांढऱ्या रेघा, नायट्रोजन ऑक्साइड, तेल काढून शुद्ध करतानाचं उत्सर्जन, काहीच नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सविस्तर अभ्यासानुसार विमानांमुळे होणाऱ्या तापमानवाढीच्या प्रभावात जवळपास दोन तृतीयांश वाटा रेघा, नायट्रोजन ऑक्साइड अशा कार्बन डायऑक्साइडखेरीजच्या गोष्टींचा आहे. ब्रिटन सरकारच्या उत्सर्जन मोजायच्या गुणकांत त्यासाठी २०२३ पासून १.७ ने गुणतात, आधी १.९ होतं. वरचे ५६० किलो मग ९५० वर जातात. रेघांबाबतची अनिश्चितता मोठी आहे हे खरं, पण अनिश्चित म्हणून शून्य धरणं हा काही न्याय नव्हे.

आकडा हातात आला की तो कुणाच्या खात्यात, हा प्रश्न उरतो. देशांतर्गत उड्डाण असेल तर त्या देशाच्या एकूण उत्सर्जनात. आंतरराष्ट्रीय असेल तर कुणाच्याच नाही. देश ते 'बंकर इंधन' म्हणून वेगळं नोंदवतात, बेरजेत धरत नाहीत. १९९७ च्या क्योटो प्रोटोकॉलच्या कलम २.२ ने विमानांचा प्रश्न आयकाओकडे आणि जहाजांचा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे सोपवला. २०१५ च्या पॅरिस करारात दोघांचाही उल्लेख नाही.

त्यामुळे 'कोर्सियात', म्हणजे आयकाओच्या कार्बन भरपाई योजनेत, 'हे भरून निघतं' असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. या योजनेत २०२४ पासून २०१९ च्या पातळीच्या ८५ टक्क्यांवर गेलेल्या वाढीचीच भरपाई विमान कंपन्यांनी करायची आहे, आणि तीही योजनेत सामील देशांमधल्या मार्गांवर. तिथेही ३.१६ हाच गुणक, पण इंधन प्रत्यक्ष वापरलेलं. तुमच्या पडद्यावरचा सरासरी अंदाज तिथे कामाचा नाही.

संस्थेच्या प्रवासनोंदीसाठी वापरणार असाल तर आकड्याशेजारी काढल्याची तारीख, पद्धतीची आवृत्ती आणि 'फक्त ज्वलन' हा शेरा लिहा. १.७ सारखा गुणक लावायचा असल्यास वेगळ्या रकान्यात. मूळ आकड्यात मिसळला की पुढच्या वर्षी तुलना करणाऱ्याला घोळ निस्तरता येत नाही.