दप्तरातली जपमाळ: साखळीची, गाठींची की बोटातली?

जपमाळ विकत घेताना लोक मण्यांचा रंग आणि मधल्या पदकावरची नक्षी बघतात. घरी वेदीसमोर बसून म्हणायची असेल तर तेवढं पुरे. कॅथलिक शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींची जपमाळ मात्र दप्तरात कंपासपेटीखाली चेंगरते, गणवेशाच्या खिशातून थेट धुण्यात जाते आणि चॅपलमध्ये नेमकी शांततेच्या वेळी बाकावर आपटते. जपमाळेचं एक रहस्य म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातल्या एका प्रसंगावर मनन करत म्हटलेली एक प्रभूची प्रार्थना आणि दहा ‘नमो मरिये’ प्रार्थना. पाच रहस्यं सलग म्हणायला पंधरा ते वीस मिनिटं लागतात आणि शाळेच्या दिवसात तेवढा मोकळा वेळ क्वचितच सापडतो. एक रहस्य मात्र तीन-चार मिनिटांत, घाई न करता होतं. म्हणजे शाळेतली जपमाळ बहुतेक वेळा तुकड्यातुकड्यानेच म्हटली जाते, आणि तिची पारखही त्याच हिशोबाने व्हायला हवी. न बघता मोजता येते का? आवाज करते का? तुटली तर साध्या हातांनी सांधता येते का? दिसण्याचा विचार यानंतर.

प्रकार कोणताही असो, आधी मणी मोजा. पाच रहस्यांच्या माळेत 59 मणी असतात. त्यातले 53 लहान, नमो मरियेचे, आणि 6 मोठे, प्रभूच्या प्रार्थनेचे. लोंबत्या भागात क्रूसानंतर एक मोठा, तीन लहान, पुन्हा एक मोठा. पदकानंतरच्या गोलात दहा-दहाचे पाच गट आणि त्यांच्यामध्ये चार मोठे मणी. स्वस्तातल्या माळांमध्ये एखादा गट नऊचा किंवा अकराचा निघणं ही नेहमीची गोष्ट आहे. दुकानात उभं राहून मोजायला मिनिटभर लागतं, पण मोजतं कोण! मग पोराला कायम वाटत राहतं की आपलंच लक्ष उडालं. मोजून झालं की डोळे मिटून माळ बोटांतून सरकवा. मोठा मणी आला हे बोटांना कळलं नाही, तर ती माळ शाळेच्या कामाची नाही. मोठा आणि लहान मणी एकाच आकाराचे, फक्त रंग वेगळा, अशा माळा फोटोत छान दिसतात. बसमध्ये, खिशात हात घालून म्हणताना त्यांचा काही उपयोग होत नाही.

साखळीची माळ सर्वांत जास्त विकली जाते आणि शाळेत सर्वांत लवकर तुटते. दोष धातूचा नसतो, कड्यांचा असतो. प्रत्येक मण्यातून एक बारीक तार जाते आणि तिच्या दोन्ही टोकांना वळवून कडी केलेली असते. साध्या माळेत ही कडी नुसती वाकवलेली असते. टोक फक्त टेकलेलं. खिशातून माळ खेचली, क्रूस पेनाच्या क्लिपमध्ये अडकला, की मऊ तार उघडते आणि अर्धी माळ जमिनीवर. चांगल्या माळेत तारेचं टोक कडीच्या मानेभोवती दोन-तीन वेळा गुंडाळलेलं असतं. ती ओढून उघडत नाही. फार तर तार तुटते, आणि त्याला बराच जोर लागतो. फरक ओळखायला भिंग नको. कडीवरून नख फिरवा. नख फटीत अडकलं तर ती साधी कडी. मण्याशेजारी तारेची छोटी गुंडाळी हाताला लागली तर माळ घ्यायला हरकत नाही.

साखळी तुटते ती ठरलेल्या दोन जागी. पहिली मधल्या पदकापाशी, कारण तिथे तीन बाजूंनी ताण येतो. दुसरी क्रूसाच्या वर, कारण सगळे जण माळ क्रूसाला धरूनच ओढतात. दोन चपट्या पकडी असतील तर दुरुस्ती दोन मिनिटांची आहे. उघडलेली कडी दोन्ही बाजूंनी धरा आणि एक टोक पुढे, एक मागे असं तिरकं फिरवून बंद करा. दोन्ही टोकं बाहेरच्या बाजूला फाकवून मग दाबली, तर गोल बिघडतो, तार तिथेच कमजोर होते आणि आठवड्याभरात कडी पुन्हा उघडते. शाळेत पकड नसते. तोवर त्या जागी दोरा बांधून काम भागतं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

गुंता ही साखळीची दुसरी तक्रार, आणि ती निम्मी आपल्या ठेवण्याची असते. माळ छोट्या पिशवीत ठेवताना आधी गोल भाग सोडा, मग लोंबता भाग, आणि क्रूस सर्वांत शेवटी, वर. काढताना क्रूस धरून सरळ वर उचला. माळ उलगडत येते. पिशवी हवीच. इअरफोनच्या वायरीसोबत उघडी टाकलेली साखळी सोडवण्यात जी तीन मिनिटं जातात, त्यात एक रहस्य झालं असतं.

मण्यांचं बोलायचं तर काच शाळेसाठी नको. ख्रिस्तप्रसाद घेऊन सगळे गुडघ्यावर असतात, चॅपलमध्ये कोणी खोकतही नाही, आणि तेवढ्यात काचेच्या मण्यांची माळ लाकडी बाकाच्या कडेवर सरकते. तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. शिवाय काचेचे मणी छिद्रापाशी टवके सोडतात आणि ती धार तार किंवा दोरा कापत राहते. लाकडाचे मणी शांत, हलके आणि हाताला सुखद. पण घामाने आणि पाण्याने फुगतात, आणि वॉर्निश असेल तर त्याचे पापुद्रे निघतात. बिनपॉलिशचं लाकूड जास्त टिकतं. प्लॅस्टिकच्या मण्यांना साच्याच्या जोडाची रेघ असते, ती बोटाला टोचते. बारीक पॉलिश पेपरने एकदा घासली की संपलं. अंधारात चमकणाऱ्या माळा लहान मुलांना आवडतात, पण आधी उजेड मिळाला तरच त्या चमकतात. दिवसभर दप्तरात पडलेली माळ रात्री मिणमिणतेसुद्धा नाही. आकार 6 मिलिमीटरपेक्षा लहान नको. 8 मिलिमीटर मोठ्या मुलांच्या बोटांना बरोबर बसतो, पण नुसत्या गोलातल्या 54 मण्यांचीच लांबी 43 सेंटिमीटर होते, वर कड्यांची. छोट्या खिशात ती माळ मावत नाही.

आता गाठींच्या माळेकडे. शाळेसाठी एकच माळ घ्यायची असेल तर हीच घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. हिच्यात मणी नसतातच. जाड नायलॉनच्या दोरीला तीन वेढ्यांची गाठ म्हणजे एक नमो मरिये, चार वेढ्यांची गाठ म्हणजे प्रभूची प्रार्थना. आवाज शून्य. तुटायला कडी नाही. धुण्याच्या यंत्रातून निघाली तरी तशीच राहते, फक्त क्रूस धातूचा असेल तर तो आधी सोडवलेला बरा. मुलांना स्वतः करता येते, आणि धर्मशिक्षणाच्या तासाला करायला यासारखा उपक्रम नाही.

करताना चुकतं ते असं. पूर्ण माळेला सहा-सात मीटर दोरी लागते; कमी घेतली तर शेवटच्या गटाशी येऊन संपते, आणि मध्ये जोड दिला तर तोच एक जास्तीची गाठ म्हणून बोटाला लागतो. दोरी बोटाभोवती तीन वेळा गुंडाळायची, टोक वेढ्यांच्या आतून न्यायचं, बोट काढायचं आणि गाठ घट्ट करायची. सगळे वेढे एकाच दिशेने हवेत. एक वेढा दुसऱ्यावर चढला की गाठीचा पिंपासारखा आकार येत नाही, गोळा होतो. गाठ पूर्ण आवळण्याआधी ती सरकवून जागेवर आणायची. एकदा आवळली की हलत नाही. गुळगुळीत पॉलिएस्टरच्या दोरीत मात्र गाठ आवळल्यावरही सैल पडते, म्हणून नायलॉनच घ्या. टोकं काडीच्या ज्योतीने वितळवून बंद करायची, हे काम मोठ्या माणसाने करावं. वितळलेलं नायलॉन कातडीला चिकटतं आणि खोल भाजतं.

तयार गाठींच्या माळेत बघायची गोष्ट एकच: मोठ्या गाठीच्या दोन्ही बाजूंना मोकळी दोरी आहे का. तीन आणि चार वेढ्यांतला फरक बोटाला फारसा जाणवत नाही. जाणवते ती मधली मोकळी जागा. ती ठेवली नसेल तर सगळी माळ एकसारखी लागते आणि मोजणी हुकते. गडद रंगाची दोरी पहिल्या धुण्यात रंग सोडू शकते, तेव्हा पांढऱ्या शर्टाच्या खिशात ठेवण्याआधी कोमट पाण्यात साबण घालून एकदा वेगळी धुवा. इस्त्री चुकूनही लावू नका.

बोटातली माळ, म्हणजे दहा उंचवटे आणि एक क्रूस असलेली अंगठी, मोठ्या वर्गांतल्या मुलांत चालते, कारण कोणाला दिसत नाही. अंगठ्याने फिरवत जायचं, क्रूसापाशी आलं की रहस्य पूर्ण. कितवं रहस्य चाललंय हे लक्षात ठेवायला अंगठी दर वेळी पुढच्या बोटावर सरकवतात. त्यासाठी ती थोडी सैल हवी, आणि सैल अंगठी हात धुताना बेसिनमध्ये जाते. बॉलच्या खेळाआधी ती काढायलाच हवी, नाहीतर बोट सुजल्यावर निघत नाही. पितळेची किंवा तांब्याची असेल तर घामाने बोट हिरवं होतं, त्याने अपाय नाही. निकेलने मात्र काहींना खाज सुटून पुरळ येतं. अशांनी स्टीलपेक्षा चांदी किंवा सिलिकॉन बघावं.

इलॅस्टिकच्या ब्रेसलेटबद्दल लांबण नको. इलॅस्टिक सैल पडतं, मग तुटतं, मणी वर्गभर होतात.

यापेक्षा सरस आहे ती एकाच रहस्याची सुटी माळ: एका टोकाला अंगठी, दुसऱ्या टोकाला क्रूस, मध्ये दहा मणी. आयर्लंडमध्ये कॅथलिकांवर निर्बंध होते त्या काळात लोक अशीच माळ बाहीत लपवून म्हणत. अंगठी आधी अंगठ्यात, मग दर रहस्याला पुढच्या बोटात. शाळेत लपवायची गरज नसते, पण बाहीत किंवा मुठीत मावणारी वस्तू म्हणून ती आजही चोख काम करते. गाठींच्या दोरीत केली तर दीड मीटर दोरी पुरते. आणि जवळ काहीच नसेल तर दहा बोटं आहेतच. त्यांनी म्हटलेली प्रार्थना कमी भरत नाही.

तुकड्यातुकड्याने म्हणण्याबद्दल एक शंका वारंवार येते. सकाळी दोन, मधल्या सुट्टीत एक, घरी जाताना दोन, असं चालतं का? प्रार्थना म्हणून खुशाल चालतं. सलगपणाची अट आहे ती जपमाळेच्या प्लेनरी इंडल्जन्ससाठी, म्हणजे पापाच्या शिक्षेतून चर्च देतं त्या पूर्ण सूटीसाठी: चर्च किंवा चॅपलमध्ये, अथवा कुटुंबात किंवा समूहात, पाच रहस्यं न थांबता, प्रत्येक रहस्यावर मनन करत, आणि सोबत पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद, पोपमहाशयांच्या हेतूंसाठी प्रार्थना या नेहमीच्या अटी, पापाची ओढ सोडून. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना, 7 तारखेला जपमाळेच्या राणीचा सण. त्या दिवसांत शाळा एकत्र जपमाळ ठेवते तेव्हा ही सोय आपोआप होते.

गळ्यात घालावी का? सरसकट बंदी कुठे लिहिलेली नाही. पण 1983 च्या कॅनन लॉचं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याचं, 1171 वं कलम सांगतं की आशीर्वादाने उपासनेसाठी वाहिलेल्या वस्तू आदराने हाताळाव्या आणि भलत्या कामाला वापरू नयेत, मग त्या खासगी मालकीच्या का असेनात. दागिना म्हणून घातली तर शिक्षक हटकणार, ते बरोबरच. धोक्याचा मुद्दा त्याहून साधा आहे: नायलॉनची दोरी तुटत नाही. मैदानावर, झोपाळ्यावर, प्रयोगशाळेत बर्नरशी वाकताना गळ्यात न तुटणारी दोरी नको. खिसा बरा.

माळेला आशीर्वाद कोणताही धर्मगुरू किंवा डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचा दीक्षित सेवक) देऊ शकतो. मिस्सानंतर दोन मिनिटं थांबून विचारलं की झालं. दोन मणी बदलले, दोरी नवी ओवली, तर पुन्हा आशीर्वाद घ्यावा लागत नाही. वस्तूला जोडलेला इंडल्जन्स ती पूर्ण नष्ट झाली किंवा विकली गेली तरच संपतो. म्हणूनच आशीर्वादित माळ वर्गात कोणाला विकू नका, द्यायची तर अशीच द्या. दुरुस्तीपलीकडे गेलेली माळ कचऱ्यात न टाकता जाळतात किंवा पुरतात. नायलॉन आणि प्लॅस्टिक जाळण्यापेक्षा पुरलेलं बरं.

राहिलं माळेसोबत येणारं घडीचं पत्रक. ते उघडून गुरुवार बघा. प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी ऑक्टोबर 2002 मध्ये सुचवली, पण जुन्या साच्यावरून छापलेली पत्रकं अजून फिरतात आणि त्यांत आनंद, दुःख, गौरव एवढीच असतात. आताची प्रचलित वाटणी अशी: सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. पत्रक जुनं निघालं तर ही वाटणी आणि प्रकाशाची पाच रहस्यं, म्हणजे येशूचा बाप्तिस्मा, काना गावचं लग्न, देवराज्याची घोषणा, रूपांतर आणि ख्रिस्तप्रसादाची स्थापना, वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घ्या. पत्रकाचा कागद तसाही घडीवर फाटतोच.