जानेवारीत ग्रीस: अथेन्स की सँटोरिनी?

मामेबहिणीला रजा जानेवारीतच मिळतेय, म्हणून हा घोळ.

सँटोरिनी बेटावर तेव्हा खोली स्वस्त मिळते, पण बरीच हॉटेलं, खानावळी बंद. जेवायला जागा शोधत फिरा! अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून साधी बोट आठेक तास घेते, आणि वारा फार वाढला की सुटतच नाही. परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवावाच लागतो.

अथेन्सला ती धास्ती नाही. दुपारी १३-१४ अंश, ॲक्रोपोलिस, म्हणजे जुन्या मंदिरांची टेकडी, चढताना घाम नाही. नोव्हेंबर ते मार्च, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेशही फुकट. पाऊस आलाच तर संग्रहालयं आहेत.

चार-पाच दिवस आणि सोबत आई-बाबा असतील तर अथेन्स. आठवडाभर हाताशी असेल, रिकाम्या गल्ल्यांत नुसतं भटकायचं असेल, तर सँटोरिनी. समुद्रात डुंबायचंय? मग रजाच बदल.