प्रवासातले आवाज: तुकडे करावेत की सलग ठेवावेत?

प्रवासात टिपलेल्या आवाजांचं संगीत करायला दोन वाटा आहेत, आणि दोन्ही फ्रेंच संगीतकारांनी पाडल्या.

1948 मध्ये पिएर शेफेरने पॅरिसच्या बातिन्योल स्थानकात वाफेच्या इंजिनांचे आवाज टिपले आणि त्यांचे तुकडे केले. तेव्हा त्याच्या हाताशी टेप नव्हती, तबकड्या होत्या. तबकडीवरची खाच स्वतःलाच जोडली की चाकांचा तेवढाच ठोका पुन्हा पुन्हा वाजत राही. आजचा लूप तो हाच. या पद्धतीत ताल चटकन हाती येतो, मोबाइलवरची काही सेकंदंही पुरतात. मात्र गाडी कुठली, गाव कुठलं, हे पुसलं जातं. शेफेरला तेच हवं होतं.

ल्युक फेरारीने उलट केलं. तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या कोर्चुला बेटावर, वेला लुका गावात, त्याने पहाटेचे आवाज टिपले. 1970 च्या ‘प्रेस्क रियाँ’ (म्हणजे ‘जवळजवळ काहीच नाही’) या रचनेत बोटींची इंजिनं, गाढव, माणसांचं बोलणं आणि शेवटी सिकाडा कीटकांचा कल्लोळ ऐकू येतो. काहीच केलेलं नाही असं वाटतं, पण सगळी पहाट वीसेक मिनिटांत बसवली आहे आणि सांधा कुठेच जाणवत नाही. हे फार अवघड आहे. इथे वाऱ्याची फडफड ठोक्याखाली लपवता येत नाही, त्यामुळे मायक्रोफोनला केसाळ आवरण हवंच.

मला फेरारीची वाट जवळची, कारण तिच्यात गाव शिल्लक राहतं. नवख्याने मात्र आधी लूप करून पाहावेत, पण मूळ सलग रेकॉर्डिंग कधीही पुसू नये.