देवबागच्या ‘खासगी बेटा’चं बुकिंग: बेळगावकरांनो, पैसे पाठवण्याआधी हे वाचा

मालवणजवळ देवबागला ‘खासगी बेटावर मुक्काम’ अशी एक जाहिरात मोबाईलवर फिरतेय. पांढरी वाळू, ओळीनं लावलेले तंबू, शेकोटी, सुरमई थाळी, सकाळी डॉल्फिन, दोन दिवस एक रात्र माणशी 2,800 रुपये, आणि खाली ‘ऑफिस ग्रुपला खास सवलत’. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या कारखान्यांतल्या, पतसंस्थांतल्या, शाळांतल्या कुणाच्या ग्रुपवर ही आली असेल तर एक रुपयाही पाठवू नका. असं बेट तिथं नाही. आमच्या 14 जणांचे पैसे त्यात गेलेत.

आमचा कारखाना उद्यमबागेत, हायड्रॉलिकचे सुटे भाग करणारा. मी स्टोअरला असते. मोठी ऑर्डर वेळेत गेली म्हणून साहेबांनी शनिवारची सुट्टी दिली आणि सगळ्यांनी ठरवलं, या खेपेस गोकाकचा धबधबा नको, आंबोली नको, समुद्रावर राहायचं. डिस्पॅचचा एक पोरगा नुकताच कायम झालाय, फार हौशी आहे. गाडी ठरवण्यापासून पैसे गोळा करण्यापर्यंत सगळं त्यानं अंगावर घेतलं. जाहिरात त्यानं ग्रुपवर टाकली, ती सगळ्यांनी बघितली आणि सगळ्यांना आवडली.

फोनवरचा माणूस स्वच्छ मराठी बोलत होता. शाकाहारी किती, बायका किती, लहान मुलं आहेत का, कुणाला बोट लागते का, सगळं विचारून घेतलं. “दादा, काही काळजी करू नका, आपलंच घर समजा.” आम्हा चौदाजणांत प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्या कुणीतरी चौकशी केलीच असेल. असे चोर ग्रुप गाठतात ते याचसाठी. एकटा माणूस पैसे देताना चार वेळा विचारतो. ग्रुपमध्ये मात्र पैसे माणशी थोडे असतात आणि पाठवणारा एकच असतो.

फोनवरच्या माणसानं पैसे तीन टप्प्यांत काढले. आधी निम्मी रक्कम, 19,600. मग गुरुवारी ‘बंदर खात्याची बोट परवानगी आणि लाइफ जॅकेटची परत मिळणारी अनामत’, माणशी 500 म्हणजे 7,000. शुक्रवारी संध्याकाळी ‘उरलेले आजच भरले तर एकूण बिलावर दहा टक्के सूट’ म्हणून 15,680. बेरीज 42,280. पैसे पाठवायला क्यूआर कोड स्कॅन केल्यावर रिसॉर्टचं नाव यायच्या जागी कुठल्यातरी बाईचं नाव आलं. विचारलं तर “ती आमची अकाउंटंट”. तिसऱ्या वेळी वेगळंच नाव आलं, तेव्हा “त्या खात्याची आजची मर्यादा संपली”. दरवेळी उत्तर तयार होतं.

त्यानं पाठवलेलं बिल मी जपून ठेवलंय. वर नारळाच्या झाडाचा लोगो, खाली गोल शिक्का, सही आणि जीएसटी नंबर. तो नंबर 08 नं सुरू होतो. आमच्या अकाउंट्सच्या वहिनींनी गाडीत बसल्यावर तो पहिल्यांदा बघितला आणि त्यांचा चेहराच बदलला. जीएसटीच्या 15 अक्षरी नंबरात पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे 27, आपल्या कर्नाटकाचे 29, गोव्याचे 30. 08 म्हणजे राजस्थान. मालवणातल्या रिसॉर्टच्या बिलावर राजस्थानचा नंबर कशाला असेल? जीएसटीच्या सरकारी वेबसाइटवर कुणालाही लॉगिन न करता नंबर टाकून बघता येतो, नाव समोर येतं. वहिनींनी तिथंच टाकून बघितलं, असा नंबरच नव्हता.

तोवर आम्ही शिनोळी, आंबोली मागं टाकून सावंतवाडी गाठली होती. कुडाळपर्यंत तो फोन उचलत होता. “बोट उभी आहे, भरतीच्या आधी पोचा.” त्यानंतर फोन बंद. त्यानं पाठवलेलं लोकेशन मोठं करून बघितलं तर खूण कर्ली खाडीच्या पाण्यात पडलेली.

देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. टोकाला एक बोटवाले काका भेटले. फोटो बघून त्यांनी मान हलवली. “ह्या बेट हंय खंय? सुनामी आयलंड म्हणजे वाळूचो पट्टो. भरती इली की पाण्याखाली जाता, थंय तंबू खंय मारतल्यात?” मग म्हणाले, “तुमी पयले नाय. निपाणीसून असोच एक ग्रुप इल्लो.”

हे घाटावरच्या माणसानं नीट समजून घ्यायला हवं, कारण आपल्याला समुद्राचं ठाऊक नसतं यावरच हा धंदा चाललाय. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथला तो वाळूचा दांडा ओहोटीला उघडा पडतो, भरतीला बुडतो. दिवसा बोटीनं जाऊन खेळून यायची ती जागा, मुक्कामाची नव्हे. मालवणातलं खरं बेट म्हणजे कुरटे, ज्यावर शिवाजी महाराजांनी 1664 साली सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं. तिथंही धक्क्यावर तिकीट काढायचं, किल्ला बघायचा आणि परत यायचं. पावसाळ्यात या बोटी बंद असतात. म्हणून कुणी तुम्हाला जुलैतलं ‘बेटावरचं पॅकेज’ देत असेल तर तिथंच फोन ठेवा.

फोटोंचा उलगडा सोमवारी झाला. आमचा एक टर्नर कुंदापूरचा आहे, सहलीला येणार नव्हता म्हणून त्या ग्रुपवर नव्हता. वाळूमागचे काळे, सहा बाजूंचे, खांबांसारखे उभे दगड बघून म्हणाला, “अक्का, हे आमच्या मलपेचं सेंट मेरी बेट आहे.” उडुपीजवळच्या त्या बेटावरही रात्री राहायला परवानगी नाही.

सगळ्यात वाईट प्रकार देवबागला उभे असताना झाला. दुसऱ्याच नंबरवरून मेसेज आला: मॅनेजरला अपघात झालाय, सगळे पैसे परत देतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका. पोरगा आधीच रडकुंडीला आला होता. वहिनी “पिन टाकू नको रे!” म्हणून ओरडल्या, तोवर त्याच्या पगाराच्या खात्यातून 9,500 गेले होते. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. घरातल्या म्हाताऱ्यांना, कॉलेजच्या पोरांना हे एकदा फोन हातात देऊन दाखवा.

वहिनींनी तिथूनच 1930 ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला. प्रत्येक व्यवहाराचा 12 आकडी नंबर, वेळ, रक्कम आणि बँक विचारतात, ते ॲपमध्ये मिळतं. कुणी म्हणालं मालवण पोलिसांत चला, कुणी म्हणालं आपलं राज्य वेगळं, आपलं कोण ऐकणार. हद्दीच्या वादात वेळ घालवू नका. 1930 आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन हे पोर्टल अख्ख्या देशासाठी आहे, आणि तक्रार आपल्या गावीही देता येते. आम्ही सोमवारी बेळगावच्या सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थ गुन्ह्यांच्या) पोलीस ठाण्यात दिली. शेवटचे 9,500 लगेच कळवल्यामुळं पुढच्या खात्यात अडवले गेले, ते परत मिळतील असं सांगितलंय. बाकीचे 42,280 केव्हाच दुसऱ्या खात्यांत फिरून काढले गेले होते.

त्या रात्री देवबागलाच एका घरगुती निवासात राहिलो. खोली डोळ्यांनी बघून, मालकिणीला भेटून पैसे दिले. जेवण कुणाच्या घशाखाली नीट उतरलं नाही. परतीच्या वाटेवर एकानं पोराला सुनावलंच, “सगळं तूच केलास की!” तो म्हणाला, माझ्या पगारातून कापून घ्या. मी गाडीतच सगळ्यांना सांगितलं, याच्याकडून कुणी एक पैसा मागायचा नाही. त्यानं चौदाजणांसाठी राबून हे केलं आणि चोर दुसराच आहे. नुकसान ज्याचं त्यानं सोसलं, आणि त्याचे अडकलेले 9,500 परत मिळेपर्यंत तेवढे आम्ही वर्गणी काढून त्याला दिलेत. असं कुणाच्या ग्रुपमध्ये घडलं असेल तर पुढं झालेल्या माणसाला एकटं पाडू नका. लाजेनं तो तक्रारच देत नाही, आणि चोराला तेच हवं असतं.

त्या माणसाचा फोन नंबर आता परत चालू आहे. आता नाव बदललंय, नारळाचं झाड तेच, आणि ठिकाण ‘गोकर्ण बेट कॅम्प’. खानापूरच्या एका शाळेतल्या बाईंना परवाच ती जाहिरात आली. त्यांना मलपेचे दगड ओळखता आले, कारण त्यांनी आमचे फोटो बघितले होते. तुम्ही पैसे भरले असतील तर आजच 1930 ला फोन करा. नुसती जाहिरात आली असेल तर तिचा स्क्रीनशॉट काढून नंबरासकट पोर्टलवर कळवा.